कापसाच्या ढिगात उभे राहिलेले कलावंत

वर्गात हजेरी घेत होते, तेवढ्यात रफीकभाईंच्या लेकीचा, नाझनीनचा फोन आला. "बाई, अब्बा गेले." पुढची नावं मी वाचलीच नाहीत... आज पाच आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, बिचारे रफीकभाई! मला तो शब्द सोसत नाही. त्या माणसात बिचारं काही नव्हतं.

मुकुंदवाडीत त्यांचा पासपोर्ट फोटोंचा छोटा स्टुडिओ. लग्नांचे फोटो काढून घर चालवायचे आणि उरलेल्या वेळात कलावंतांच्या मागं हिंडायचे. भारूड म्हणणारा, कव्वाल, हिमरू विणणारा, ढोलकीवाला... साऱ्यांना त्यांनी गंगापूरजवळच्या एका जिनिंग कारखान्यात नेलं आणि कापसाच्या डोंगराएवढ्या ढिगात उभं केलं. नावं-गावं लिहून घ्यायला मी सोबत असे. कापसातच का, असं एकदा विचारलं. म्हणाले, "पडदा लावला की माणूस पडद्याला शोभंल असा उभा राहतो, बाई. हितं पाय रुततात. सोंग करायला जागाच नाय."

कांताबाई सत्तरीच्या, सारं आयुष्य तमाशाच्या फडावर नाचलेल्या. मांडीपर्यंत कापसात उभ्या राहून त्यांनी पदर खोचला आणि कॅमेऱ्यावर अशी नजर रोखली की हमालसुद्धा बोलायचे थांबले.

शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. उद्घाटनाच्या सकाळी संयोजक हळूच म्हणाले, "तेवढा नाचणारीचा फोटो नको. घरंदाज लोक येतात." रफीकभाईंनी स्टूल ओढलं आणि एकेक फोटो उतरवायला लागले. संयोजक गडबडले, "अहो, मी एकच म्हणालो!"

"एक गेला की सगळे गेले, साहेब."

दुसऱ्या दिवशी ते फोटो जिनिंगच्या भिंतीवर लागले. कापूस घेऊन आलेले शेतकरी, बाजाराला निघालेल्या बाया, जीपवाले, सगळे थांबून बघत होते. कांताबाई नऊवारी नेसून आपल्या फोटोशेजारी उभ्या. एक म्हातारा चाचरत म्हणाला, "लई नाव ऐकलं व्हतं तुमचं." त्या म्हणाल्या, "मग बघा की! आज लपून बघायची गरज नाय."

पुढं अर्धांगवायूनं रफीकभाईंचा उजवा हात गेला. ते डाव्या हातानं फोटो काढायला शिकले. हलतोय फोटो, असं मी म्हटलं, तर उसळून म्हणाले, "हलू द्या! काढणारा जिता हाय, एवढं तर कळतंय."

गेल्या आठवड्यात मला पासपोर्टचा फोटो हवा होता. स्टुडिओ आता नाझनीन चालवते. फोटो झाल्यावर मी उठायला लागले.

"बसा, बाई. हा सरकारसाठी झाला. अब्बा प्रत्येकाचा अजून एक काढायचे, ज्याचा त्याच्यासाठी."

माझे डोळे भरून आले. पुसायला चष्मा काढला, तशी ती कॅमेऱ्यामागून म्हणाली, "पुसू नका. मान वर घ्या."

मी मान वर घेतली.