आईच्या नावावरचं घर

आमच्या घराला घरपट्टी लागत नाही. हे मी बारा वर्षं चारचौघांत ऐटीने सांगत आलो. ती लागू नये म्हणून मी काय केलं, ते बायकोलासुद्धा धड सांगितलं नाही. आता लिहून टाकतो.

माझी बदली पुलगावच्या कार्यालयात झाली तेव्हा आम्ही वर्ध्याला भाड्याने राहत होतो. मी, बायको आणि आई. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. आता आपलं घर घ्यायचं ठरलं. लोक पाणी बघतात, शेजार बघतात. मी कर बघितला. शंभर पानी वहीत रकाने पाडले. वर्धा, पुलगाव नगर परिषद, नाचणगाव ग्रामपंचायत. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. तिन्हीकडच्या ओळखीच्या लोकांकडून पावत्या मागून आणल्या. एकाने तर विचारलं, "बाबूजी, घर घेऊन राह्यले का धाड टाकून राह्यले?" बायको म्हणाली, "अहो, दवाखाना किती लांब आहे, त्याचाबी एक रकाना पाडा न." मी म्हणालो, त्याला पट्टी लागत नाही.

नाचणगाव ठरलं. पुलगावला अगदी चिकटून. बाजार तोच, स्टेशन तेच, पट्टी मात्र ग्रामपंचायतीची. दस्त लिहिणाऱ्याने सहज सांगितलं की बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, आणि फौजीच्या विधवेच्या राहत्या घराला घरपट्टीच माफ असते. मी तिथल्या तिथे बायकोचं नाव काढून आईचं घातलं.

वास्तुपूजेला आष्टीहून धाकटी बहीण आली. आईच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "दादा, तू आईले घर घेऊन देल्लं. असं कोन करते आजकाल?" मी तिला तसंच समजू दिलं.

दरवर्षी एप्रिलमध्ये एक कागद द्यावा लागायचा. या घरात मी स्वतः राहते, असं आईचं घोषणापत्र. आई चष्मा लावून एकेक अक्षर काढत सही करायची. अकरा वर्षं हे सुरळीत चाललं.

मग बहिणीच्या पोटात गाठ निघाली. सहा महिने उपचार करून नागपूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तो मार्च होता. आई माझ्या ताटासमोर येऊन बसली.

"मले आष्टीले नेऊन दे. पोरीजवळ राह्यतो."

"किती दिवस?"

"किती दिवस म्हनजे? तिचे जितके आहेत तितके."

मी जेवत राहिलो. म्हणालो, "मार्चमधी पाहनीले येतात, आई. घरात तू दिसली नाई तं माफी जाते. एप्रिलचा कागद झाला की मीच नेऊन देतो."

"अन् तवरक ती नाई राह्यली तं?"

"सोताच्या पोरीबद्दल असं अभद्र काऊन बोलून राह्यली तू?"

ती उठून पदराने डोळे पुसत देवापुढे जाऊन बसली, जणू चूक तिचीच झाली होती. मला माहीत होतं की या वाक्याने ती गप्प होईल. म्हणूनच ते म्हटलं.

बायको आतून म्हणाली, "अहो, भरून टाका न पट्टी. किती मोठी आहे?" मी म्हणालो, प्रश्न रकमेचा नाही, तत्त्वाचा आहे.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. आवाज इतका बारीक की स्पीकर लावावा लागला. "दादा, आईले पाठव न. मी तिले काम नाई सांगत. नुसती जवळ बसू दे."

"तिचे गुडघे धरले आहेत. आर्वीले गाडी बदला लागते. नाई झेपत तिले."

आई समोरच मेथी निवडत होती. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. फोन मागितला नाही.

मार्च संपायच्या आत बहीण गेली. तेव्हा मात्र मी गाडी केली. आईला दारापासून दारापर्यंत नेलं, कुठेही गाडी बदलावी लागली नाही. ती तेरवीपर्यंत तरी आष्टीलाच थांबणार होती. मी परत आलो आणि ग्रामपंचायतीत विचारायला गेलो की आई बाहेरगावी आहे, कागद उशिरा दिला तर चालेल का.

ग्रामसेवक म्हणाला, "चालते न, बाबूजी. काई घाई नाई. म्हातारं मानूस लेकीकडं चार-सहा महिने राह्यलं तरी काय होते? घर भाड्यानं नाई देल्लं न, बस."

मी नवल वाटल्यासारखं केलं. खरं म्हणजे तो नियम मी घर घेतानाच वाचला होता. घर भाड्याने द्यायचं नाही, त्यात एवढंच होतं. पाहणीला अकरा वर्षांत कोणी आलेलं नव्हतं. तरी आईला मार्चमध्ये पाठवलं तर चालेल का, हे मी विचारलं नाही. नोकरीत एक शिकलो होतो, कार्यालयाला प्रश्न केला की फाईल उघडते. बहीण मरत असतानाही मला ती फाईल बंदच हवी होती. वहीतला घरपट्टीचा कोरा राहिलेला एक रकाना मला आई-बहिणीपेक्षा जास्त प्यारा होता. वर्षाची पट्टी किती झाली असती ते लिहायची लाज वाटते. तेरवीच्या मंडपाला त्याहून जास्त लागले.

घाई नाही असं त्याने सांगितलं होतं. तरी मी तेरवीला जाताना तो कागद पिशवीत घातलाच.

जेवणं आटोपली. आई बहिणीच्या खोलीत, रिकाम्या खाटेजवळ खाली बसली होती. जावई दारात उभा होता. मी कागद तिच्यापुढे ठेवला, पेन दिलं. तिने तो वाचला नाही.

"कुठं करू सई?"

मी बोट ठेवलं. नेहमीसारखी एकेक अक्षर काढत तिने सही केली, पेनाचं टोपण लावून परत दिलं.

"झाला न तुझा कागद? आता राहू का मी पोरीजवळ?"

जावई तोंड फिरवून अंगणात गेला. मी "राह्य" म्हणालो आणि चारची गाडी धरली. कागद दुसऱ्या दिवशी सकाळीच देऊन टाकला. आई अजून आष्टीलाच आहे.