चोरखमाऱ्याहून आलेलं स्थळ

आमच्या कुत्रीचं नाव मी इथे सांगणार नाही. लग्नाच्या वयाच्या पोरीचं नाव असं छापून गावभर फिरवू नये, एवढी रीत मला कळते. ती लग्नाच्या वयाची होती की नव्हती, यावरच तर पुढचा सगळा तमाशा झाला, पण ते येईलच.

रंग तांबूस, एक कान उभा, एक आडवा, आणि शेपूट अशी की हलायला लागली की उन्हाळ्यात पंखा लावायची गरज नाही. ती आली बायकोच्या माहेराहून, चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावातून, माझ्या शर्टाच्या खिशात बसून. खिशात म्हटलं की बायको लगेच दुरुस्त करते, पिशवीत होती म्हणते. पिशवी खिशाएवढीच होती, यावर तिनं अजून काही म्हटलेलं नाही.

गोंदियाजवळ मुर्रीत माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटारीला वेळ लागतो, गिऱ्हाईक बसून राहतं, आणि बसलेल्या माणसाला काहीतरी सांगावं लागतं. तेव्हा मी कुत्रीची गोष्ट सांगितली. एकदा तिला सासुरवाडीला नेली असताना घरामागच्या बाडीत तिनं एक घोरपड गाठली, दोनदा भुंकली, आणि घोरपडीनं मान वळवताच माझ्या दोन पायांच्या मधे येऊन लपली. हा झाला मूळ मजकूर. मी त्या घोरपडीला फक्त ठिपके दिले. बाकी जनावर लोकांनी वाढवलं. महिनाभरात त्याचा बिबट्या झाला. मग नागझिऱ्यातला एक गाईड मोटार घेऊन आला, त्यानं गोष्ट ऐकली आणि जंगलात नेऊन पर्यटकांना वाढली. ती परत मुर्रीत आली तेव्हा आमच्या कुत्रीनं वाघाला खाली बसवलं होतं. मी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट अर्ध्यात तोडणं धंद्याला बरं नसतं.

परिणाम असा झाला की तिचे दुधाचे दात पडायच्या आधीच तिच्या पिलांना मागणी आली. गोंदियाच्या बाजारात मी ज्याच्याकडून तांब्याची तार घेतो तो शेठ म्हणाला, "भैया, एक पिल्ला हमारा पक्का समझना." शेजारच्या निवृत्त गुरुजींनी दोन मागितली, एक स्वतःला आणि एक मेव्हण्याला. मेव्हण्याशी त्यांचं बोलणं नव्हतं, त्यामुळे त्याचं जरा भित्रं निघालं तरी चालेल, असंही त्यांनी मोठ्या मनानं सांगून ठेवलं.

पण खरा हक्क सांगितला तो बायकोच्या माहेरच्याच गावात राहणाऱ्या तिच्या मामांनी. त्यांच्याकडे अशी समजूत आहे की फुकट आणलेलं पिल्लू घर राखत नाही, म्हणून बदल्यात धान द्यायचा. आणि तो धान समोरच्यानं हातात घेतला की शब्द गेला, मग मागे फिरणं नाही. मामा कुडोभर धान फडक्यात बांधून घेऊन आले. कुडो हे आमच्याकडचं धान मोजायचं माप, पण मामांनी शिगोशीग भरलेलं, म्हणजे शब्दही शिगोशीग. मी दोन्ही हातांनी घेतला. बायकोनं ते गाठोडं माझ्याकडून घेऊन तुळईला टांगलं आणि हे कांडायचं नाही म्हणून बजावलं. मला वाटलं, तांदूळ जुना व्हायला ठेवला असेल.

मग पौषाच्या थंडीत एका सकाळी बायकोला फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. कुत्री पहिल्यांदा माजावर आली होती. दुपारपर्यंत फाटकाबाहेर सभा भरली. मुर्रीतले सगळे कुत्रे, शेजारच्या गावांतले प्रतिनिधी, आणि दोन तर बालाघाटहून रेल्वेनं आले असावेत, कारण ते शुद्ध हिंदीत भुंकत होते. तिला आम्ही आतल्या खोलीत कोंडलं आणि घर चर्चेला मोकळं केलं.

बायको चर्चेला बसलीच नाही. तिनं कुत्रीला मांडीवर घेतलं, ऑटोत बसली आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी कंबर चाचपली, दात बघितले आणि सांगितलं की आता मुळीच नको, हिचंच वाढायचं राहिलंय, ही पिलांना कुठून देणार. अंग भरू द्या, ही वेळ सोडा, जमलं तर पुढचीही सोडा. पिल्लं नकोच असतील तर ऑपरेशनही होतं, ते नंतर सावकाश बोलू.

डॉक्टर बिचारे नुसते शिकलेले. आमच्या गल्लीत एकेक माणूस जन्मजात पशुवैद्य. गुरुजी म्हणाले, पहिला माज वाया गेला की कुत्रीचं डोकं फिरतं. समोरचे म्हणाले, एकदा व्यालीच पाहिजे, नाहीतर अंगात गरमी धरते. ऐंशी वर्षांच्या एका आजीबाई म्हणाल्या, आमच्या वेळी कोणी विचारत होतं का. तेवढं एक मात्र खरं होतं. मी दोन्ही बाजूंनी बोलत होतो, त्यामुळे वादाचा समतोल चांगला टिकला.

त्या दिवशी बायको आतल्या खोलीत कुत्रीच्या अंगाखाली पोतं अंथरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हिची बहीण मेली, मालूम हाय न तुमाले?"

मालूम होतं. एकाच वेताची. ती मामांच्या घरी राहिली, हिच्या आधी माजावर आली, कोणी अडवलं नाही, आणि दिवाळीनंतर मामांच्या गोठ्यात पिल्लू अडकून गेली. या गोष्टीत ठिपके द्यायला कुठेच जागा नव्हती, म्हणून मी ती दुकानात कधी सांगितली नव्हती.

अडचण एवढीच की तोवर मी मामांना फोन करून बसलो होतो. बातमी पोटात ठेवली की मला अपचन होतं.

दोन-तीन दिवसांत स्थळ आलं. मामांची मोटारसायकल, आणि पेट्रोलच्या टाकीवर पुढचे पाय हँडलला टेकवून बसलेला त्यांचा काळा कुत्रा, गळ्यात मामांचाच मफलर. चोरखमाऱ्यापासून मुर्रीपर्यंत वाऱ्यानं त्याचे कान मागे चिकटले होते ते संध्याकाळपर्यंत पुढे आले नाहीत. केवढा म्हणाल तर वासराएवढा. बायको शेळीएवढा म्हणते. फाटकाबाहेरची सभा त्याला पाहताच उठून रस्त्याच्या पलीकडे गेली. गुरुजींनी अक्षता आणू का म्हणून विचारलं, आणि विचारून तिथेच उभे राहिले, न जाणो कोणी हो म्हटलं तर. मामांनी नवरदेवाला पेरूच्या झाडाला बांधला, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले.

"जेवून घेतो, मंग आणजो पोरीले बाहेर," ते बायकोला म्हणाले.

बायकोनं भात आणि लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी वाढली. मीही बसलो. जावयानं सासुरवाडीच्या माणसाला एकटं जेवू देऊ नये.

मामा जेवताना कधी गप्प बसत नाहीत. उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस होते, ती थंडीतच लागते, तलावाचं पाणी कालव्याला सोडलं होतं, आणि घरी त्यांचं धाकट्या भावाशी वाजलं होतं. "पाणी आलं, तं म्हणते रोवणी लावून टाकू," मामा म्हणाले. "मी म्हटलो, अरे पऱ्हा तं पाय. थंडीनं वाढलाच नाई, बोटभर हाय. कोवळा पऱ्हा चिखलात खोसला तं उभा रायते का? बसते नं मरते. पाणी आलं म्हून का कोणी रोवणी लावते?"

पऱ्हा म्हणजे धानाचं रोप. आधी एका कोपऱ्यात दाट वाढवायचं, आणि दमदार झालं की उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवायचं. आमच्या जिल्ह्यात माणसाला स्वतःच्या पोराचा वाढदिवस आठवणार नाही, पण पऱ्हा रोवणीचा झाला की नाही हे तो रस्त्यावरून जाता जाता सांगेल.

बायकोनं भाजीचा चमचा पातेल्यात ठेवला. "मंग पाणी गेलं वाया तं?"

"जाऊ दे न. पाणी पुन्हा येते. पऱ्हा मेला तं का येते?"

"मंग आमच्या पोरीची रोवणी आजच कायले लावून राहिले, मामाजी?"

जनावराचं वेगळं असते, असं काहीसं मामा भातातून म्हणाले.

"हिची बहीण तुमच्याच गोठ्यात गेली," बायको म्हणाली. "तवा पऱ्हा पायला होता का कोणी?"

मी मिठाकडे हात नेला. मीठ लागत नव्हतं.

"अन् माह्या वेळी बी तुमीच म्हटले, स्थळ आलं, उरकून टाका. बारावीचा निकाल लागाचा होता माह्या."

"पास झाली न तू," मामा हळूच म्हणाले.

"झाली. सासरी भांडे घासता घासता समजलं."

ते स्थळ म्हणजे मी. एरवी मी स्वतःबद्दल दोन तास बोलू शकतो. त्या दिवशी मी ताटातली भाजी इतकी बारकाईनं पाहिली की तिची जात, गोत्र आणि गाव मला पाठ झालं.

जेवण उरकलं. मामांनी ताटात हात धुतला आणि उठून बाहेर आले, तर दारात त्यांची एकच चप्पल. शोधाशोध झाली. आतल्या खोलीची कडी कोणीतरी नीट लावली नव्हती. नवरीनं बाहेर येऊन, खुद्द नवरदेवाच्या नाकासमोरून, मामांची डावी चप्पल पळवली होती आणि न्हाणीच्या मागे बसून पट्टा तोडत होती. नवरदेव पेरूखाली दोर ताणून कुईकुई करत होता. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मामा वाकले तशी तिनं चप्पल आणखी मागे ओढली, पुढचे पाय पसरले, मागचा भाग वर केला आणि शेपूट हलवायला लागली. खेळायचं होतं तिला.

मामांनी चपलेकडे नेलेला हात मागे घेतला.

"लेकरू हाय अजून," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या कुत्र्याला सोडलं, त्याच्या गळ्याभोवती मफलर पुन्हा नीट गुंडाळला आणि टाकीवर बसवला. मी आतून ते धानाचं गाठोडं काढून आणलं. घेतलेला शब्द परत करायचा तर हातानंच करावा. मामांनी ते घेतलं नाही.

"राहू दे, बियाण्याचा हाय तो. पऱ्हा तयार झाला का ते तू सांगजो, बाई," ते बायकोला म्हणाले. "नाई झाला तरी सांगजो. जवाईबापूले नको फोन करू देजो."

आणि त्या थंडीत एक पाय अनवाणी ठेवून त्यांनी किक मारली.

कुत्री नंतर पुन्हा माजावर आली. डॉक्टर आता हो म्हणतात, बायको बघू म्हणते, आणि बघणार ती, त्यामुळे अजून बघणंच चाललंय. गाठोडं तुळईलाच आहे. तारेचा शेठ विचारतो, गुरुजी विचारतात, मी त्यांना आत पाठवून देतो. आतून ते फार लवकर बाहेर येतात.

दुकानात मी सांगतो की आमच्या कुत्रीनं चोरखमाऱ्याचं स्थळ नाकारलं आणि मामांना दोन्ही पायांनी अनवाणी परत पाठवलं. पुढच्या हंगामापर्यंत त्यांची मोटारसायकलही काढून घ्यायचा विचार आहे.