दगडाबाईचा पदर

उत्तरेश्वर सानपचं नाक गेलं ते भाद्रपदात. म्हणजे चेहऱ्यावरचं नाक जागेवरच होतं, चांगलं धारदार; गेला तो वास. दूध संघाच्या शीतकरण केंद्रात ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला, डोकं मागून कॅनच्या कडेवर आपटलं आणि दोन टाके पडले. टाके वाळले. पण आठ दिवसांनी त्याच्या बायकोनं, सरस्वतीबाईनं, फोडणीत लसूण टाकला तेव्हा त्याला नुसता चर्र आवाज ऐकू आला. बाकी काही आलं नाही.

एखाद्या मास्तरचा वास गेला असता तर कुणाचं काय अडलं असतं? उत्तरेश्वर मात्र एकवीस वर्षं नाकावर पोट भरत होता. कडा गावाच्या पंचक्रोशीतून सकाळी टेम्पो यायचे, कॅन फलाटावर उतरायचे, फलाटावर कामाला असलेली दगडाबाई एकेक झाकण उघडायची आणि उत्तरेश्वर वाकून वास घ्यायचा. तो "चांगलं" म्हणाला की कॅन टाकीत, "गेलं" म्हणाला की बाजूला. दुधातलं फॅट मोजायचं यंत्र त्याच्यानंतर. एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळी टाकी बाद. आणि साल दोन हजार अठरा-एकोणीसचं. शेतात काडी नाही, जनावरं चाऱ्याच्या छावणीत, पाणी टँकरचं. लोक स्वतः कोरा चहा पिऊन दूध संघाला घालत होते. असल्या दुधाची टाकी आपल्यापायी गटारात जाईल, या विचारानं उत्तरेश्वरला घास गोड लागत नव्हता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सरस्वतीबाई म्हणाली, "साहेबाला सांगून टाका एकदाचं."

"अन् मग? घरी बसून काय तुझ्या फोडणीचा आवाज ऐकू?"

जिभेला आंबट कळत होतं. पण रोज शंभर कॅनमध्ये बोट बुडवून चाटणाऱ्या माणसाला फलाटावर कोण उभं करील? पहिले तीन दिवस त्यानं नुसत्या अंदाजानं काढले. घरी येऊन तो रात्री आठपर्यंत फोनकडे बघत बसायचा, टाकी नासल्याचा फोन येतो की काय म्हणून.

चौथ्या दिवशी त्याला देवच पावला. दगडाबाईनं एका कॅनचं झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला. उत्तरेश्वरनं वाकून, डोळे मिटून, मुद्दाम जरा वेळ घेतला आणि म्हणाला, "गेलं." चाचणीत ते दूध खरंच आंबलेलं निघालं. त्या दिवसापासून त्याला नवीन नाक मिळालं. झाकण उघडलं की तो वाकता वाकता डोळ्याच्या कोपऱ्यातून पदराकडे बघायचा. पदर खांद्यावर असला तर चांगलं, नाकावर असला तर गेलं. आठ महिन्यांत एकदाही चूक झाली नाही. बाईला आपण बेमालूम फसवतोय याची त्याला थोडी शरम वाटायची, पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. ती एखाद्या दिवशी रजेवर गेली की हा पोट दुखतंय म्हणून घरी. दोघांच्या रजा बरोबर एकाच दिवशी पडतात हे हजेरी लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

वैशाखात मॅनेजर सुंदरराव जायभाये कुठलंसं शिबिर करून आले. केंद्रात माणसं अठरा आणि तट तीन. फलाटवाले, लॅबवाले, ऑफिसवाले एकमेकांच्या चहालाही जात नव्हते. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: रविवारी सर्वांनी मिळून स्वयंपाक. चिठ्ठ्या टाकून गट पडतील. एकत्र रांधलं की एकत्र काम करायची सवय लागते, असं शिबिरात शिकवलं होतं म्हणे.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण दूध निम्म्यावर आलेलं, त्यामुळे माणसं कमी होणार ही कुजबुज होतीच. सटवा नावाचा कॅन उचलणारा गडी म्हणाला, "सैपाकाचं निमित्त हाय. कोण कामाचा, कोण बिनकामाचा, ते बघायलेत. चार नावं काढणार." झालं. त्या दिवसापासून लोक कांदा चिरायलाही घाबरू लागले. उत्तरेश्वरची भीती तर वेगळीच होती. स्वयंपाक म्हणजे सगळा वासाचाच कारभार. शिवाय चिठ्ठीत दगडाबाई दुसऱ्या गटात गेली तर?

ती गेलीच. केंद्रामागच्या कडुलिंबाखाली तीन चुली मांडल्या होत्या. दगडाबाई भाकरीला, एक गट येसरच्या, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या आमटीला, आणि उत्तरेश्वर खिरीला. गव्हाची खीर, गूळ घातलेली, साठ माणसांच्या कढईत; छावणीवरच्या लोकांनाही बोलावलं होतं. साहेब वही घेऊन चुलीचुलीवर फिरत होते.

"प्रत्येक गटप्रमुखानं मधूनमधून चव घ्यायची आणि गटाला सांगायचं," साहेब म्हणाले. "उत्तरेश्वर, तुम्ही खिरीचे प्रमुख."

नुसती गोडी उत्तरेश्वरला कळली असती, पण वेलदोडा पुरे झाला का, गूळ जळकट लागतो का, हे कसं सांगणार? त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, भैरवनाथाला निवद दाखवायचा हाय. त्याच्या आधी चाखत नसतेत. उष्टं व्हतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब स्वतः जवळच्याच शिरूर कासारचे, भैरवनाथाला मानणारे, त्यांनाही नाही म्हणता येईना. सुटलो, असं उत्तरेश्वरला वाटलं. तेवढ्यात सटवा म्हणाला, "बराबर हाय. चाखायचं कशाला? आमच्या भाऊचं नाक हाय की. वासावर सांगतेत ते."

आपल्याच हातानं उत्तरेश्वरनं जीभ बाद केली होती, आणि आता सगळ्या खिरीचा भार नाकावर. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसेना, आणि उत्तरेश्वरला तर स्वतःचंच नाव दिसायला लागलं.

अकराच्या सुमाराला टँकर आला. चार दिवसांनी आलेला टँकर. गट, शिबिर, साहेब, सगळं सोडून माणसं घागरी घेऊन पळाली. सटवाही पळाला. खिरीपाशी एकटा उत्तरेश्वर राहिला. तो उलथनं फिरवत होता. खीर घट्ट होत आली होती. भाकरीच्या चुलीचा धूर वाऱ्याबरोबर थेट त्याच्या डोळ्यांत येत होता, त्यामुळे त्याला कढईतलंही धड दिसत नव्हतं. आता लागत असेल का खाली? त्यानं नाक पुढे केलं, लांब श्वास ओढला. काही नाही. चुलीत जाळ कमी करावा, तर खीर कच्ची राहिली म्हणून यादीत नाव जाणार. ठेवावा, तर करपली म्हणून. साठ माणसांची खीर, त्यातली चाळीसेक छावणीतली, ज्यांनी कित्येक महिन्यांत गोड पाहिलं नव्हतं.

त्यानं सवयीनं मान वळवली आणि दगडाबाईकडे बघितलं.

पंधरा-वीस पावलांवर ती तव्यावर भाकरी टाकत होती. तिनं पिठाच्या हातानं पदर उचलला आणि नाकाला लावला. लावून ठेवला.

उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी जळती लाकडं ओढून काढली. एका हाताला चटका बसला तो नंतर कळला. "सटवा!" म्हणून त्यानं अशी हाक मारली की सटवा घागर टाकून आला. तळ न खरवडता दोघांनी वरची खीर पातेल्यांत काढली. कढईच्या बुडाला तळहाताएवढा काळा डाग पडला होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर सगळ्या खिरीला करपट वास लागला असता. सटवानं वास घेतला आणि म्हणाला, "वाचली भाऊ. काय नाक हाय तुमचं."

उत्तरेश्वर हात पाण्यात बुडवून बसला. धूर अजून त्याच्या डोळ्यांत येतच होता, दगडाबाईच्या चुलीचा. आणि तिथंच त्याला ते कळलं. वारा तिच्याकडून इकडे वाहत होता. इकडचा वास तिकडे जाणारच नव्हता. बाईला वास आलाच नव्हता. तिनं जड झालेलं उलथनं लांबून पाहिलं होतं, कढईवरची वाफ काळसर झालेली पाहिली होती, आणि पदर उचलला होता. त्याच्यासाठी.

मग बाकीचंही आठवलं. ही बाई छावणीत शेणात कोपरापर्यंत हात घालून उभी असते. मेलेल्या वासराजवळ बसलेली त्यानं पाहिली होती. तिनं तेव्हा कधी नाकाला पदर लावला नव्हता. आंबलेल्या दुधाला मग कशाला लावील? तो गेला असता तर फलाटावरची जागा तिलाच मिळाली असती, हेही काही तिला सांगायला नको होतं. उत्तरेश्वरला रडू आलं. धूर होता म्हणून बरं झालं.

नैवेद्य दाखवून झाला, पंगत बसली. साहेब उभे राहिले. "आता प्रत्येक गटानं पहिली वाटी दुसऱ्या गटातल्या अशा माणसाला द्यायची, ज्याच्यावाचून आपलं काम अडतं. आणि का, ते सांगायचं."

आमटीवाल्यांनी वाटी साहेबांनाच दिली आणि साहेब दिलदार आहेत असं कारण सांगितलं. सगळ्यांना सुचलेलं तेच होतं. सटवानंही उत्तरेश्वरला हळूच कोपरानं ढोसलं, साहेबाकडे जा म्हणून.

उत्तरेश्वर वाटी घेऊन उठला. साहेबांच्या पानापर्यंत आला. इथं वाटी ठेवली असती तर सगळं पहिल्यासारखं चाललं असतं. उद्या सकाळी पुन्हा झाकण, पुन्हा डोळ्याचा कोपरा. साहेबांनी हातही पुढे केला होता. तो तसाच पुढे गेला आणि भाकरीच्या गटापाशी वाकून वाटी दगडाबाईपुढे ठेवली.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"मला वास येत न्हाई, साहेब. भादव्यापासून. आंबलं दूध ह्या बाईच वळखतेत. मी नुसता वाकतो."

साहेबांनी वही उघडली, पेन काढलं, आणि कुणाचं नाव लिहावं ते न सुचल्यासारखे उभे राहिले. उत्तरेश्वर मान खाली घालून होता. आता आपलं संपलं हे त्याला कळलं होतं, आणि तरी छाती हलकी झाली होती. घरी जाऊन सरस्वतीबाईला काय सांगायचं तेवढंच बाकी होतं.

दगडाबाईनं वाटी उचलली. "बसा भाऊ," ती म्हणाली. "आठ महिने झाले, माझा हात अवघडलाय. आता तरी तोंडानं बोलू द्या."

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, उद्या सकाळी सहाला बघू.

सहाला ते फलाटावर येऊन उभे राहिले. पहिला टेम्पो लागला. कुणीच हलेना, तेव्हा उत्तरेश्वरनं आपणच पुढे होऊन झाकण उघडलं आणि तो बाजूला सरला. दगडाबाई वाकली. तिचा पदर खांद्यावर खोचलेला होता. उत्तरेश्वर मात्र सवयीनं त्याच्याकडेच बघत राहिला.

"चांगलं," ती म्हणाली.

त्यानं कॅन उचलला आणि टाकीत रिकामा केला. साहेब दहा कॅन होईपर्यंत उभे होते. मग "असंच चालू द्या" म्हणून आत गेले, आणि उत्तरेश्वरनं अकराव्याचं झाकण उघडलं.