किटलीचा आवाज

रेडिओ उघडण्याआधी लवेडा प्रुइट त्याच्या झाकणावर तळहात टेकवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मगच पहिला स्क्रू काढायची. त्या शुक्रवारी तिनं डोळे जरा जास्तच वेळ मिटले. समोर व्हर्लन मेबरी उभा होता, सव्वाअकरा वाजले होते आणि चार वाजता त्याची परीक्षा होती.

ही १९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा अर्कान्सामधल्या मॅरो क्रीकच्या ट्रकथांब्यावर, खानावळीच्या गल्ल्यावर बसायचे. लवेडाची खोली आमच्या मागच्या दाराला लागूनच होती. नवऱ्याच्या ट्रकमधला, ड्रायव्हर एकमेकांशी बोलतात तो रेडिओ सारखा बिघडायचा, तो नीट करता करता ती शिकली. नवरा गेल्यावर त्याच कामावर तिचं पोट चाललं.

दर ऑक्टोबरात एका शनिवारी आमचे चाळीस ट्रक रांगेनं डोंगरापलीकडच्या मुलांच्या आश्रमात हिवाळ्याचं सामान पोचवतात. एकोणीस वर्षं रांगेतली पहिली गाडी व्हर्लनची होती. उतारावर गिअर कुठे पाडायचा, ब्रेक कुठे लावायचा, हे पहिला ड्रायव्हर रेडिओवर सांगतो आणि मागचे सगळे त्याच्या आवाजाच्या भरवशावर उतरतात. रेडिओवर खऱ्या नावानं कोणी बोलत नाही. व्हर्लनला सगळे किटली म्हणायचे, कारण पूर्वी त्याचा आवाज उकळत्या किटलीसारखा दरीभर ऐकू जायचा.

वसंतात त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज कागद चुरगळावा तसा उरला. मग गड्यानं काय केलं, तर जुन्या सामानाच्या बाजारातून एक वापरलेला रेडिओ आणला. त्यावर कुणीतरी 'जोर वाढवलेला' अशी चिठ्ठी डकवली होती. आवाज नाही तर नाही, यंत्र ओरडेल, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात तो बोलायला लागला की आजूबाजूच्या चार चॅनलांवर खरखर उठायची आणि शब्द एकही कळायचा नाही. ड्रायव्हर त्याला डबक्यातला बेडूक म्हणायला लागले. रांगेची व्यवस्था पाहणाऱ्या डॉइल हॅचरनं शेवटी सांगून टाकलं की शुक्रवारी चारला रांगेतल्या शेवटच्या गाडीला किटलीचे शब्द कळले तर तो पुढे, नाहीतर यंदा दुसरा कोणी.

लवेडानं झाकण उचललं आणि शीळ घातली.

आत कुणीतरी सर्किटची एक निळी पट्टी गरम गोंदानं चिकटवली होती. आवाज गुहेतल्यासारखा घुमवायला ती लावतात. लवेडानं ती सोलून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिथे अशा बारा-पंधरा आधीच लटकत होत्या. मग माइकची तार. दोन टोकं नुसती पिळून त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. ती तिनं कापली आणि नीट सोल्डर केली. त्यानंतर कॉइल, म्हणजे रेडिओ आपल्या चॅनलवर नेमका ठेवणारी तारेची वेटोळी. त्यांचे गाभे हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांवर मेणाचा थेंब टाकतात. इथे मेण खरवडून लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरनं सगळे गाभे पार टोकापर्यंत फिरवलेले, आणि एकाला तडा गेलेला. लवेडा पुटपुटली, ज्यानं हे केलं त्याच्या हातात देवानं पुन्हा कधी हत्यार देऊ नये.

एक वाजून गेला. मी तिला पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा नेऊन दिला, तर तो तसाच निवत राहिला. बाईचे डोळे लकाकत होते. तिच्याकडे याच जातीचा एक मेलेला रेडिओ होता. त्याचं पोट फाडून तिनं धड गाभा काढला. तेवढ्यात तिचं बोट एका जागी थांबलं. तिथे धातूचे तीन बारीक पाय उभे होते, आणि वर काहीच नव्हतं.

"व्हर्लन, इथला ट्रान्झिस्टर कुणी तोडला? बाकी सगळं जुनं काम आहे. ही कापलेली जागा अजून चकाकतेय."

व्हर्लननं टोपी काढली, परत घातली. मग त्या चुरगळलेल्या आवाजात म्हणाला, "मीच. नखकटरनं. रेडिओवर एकानं सांगितलं, तो तुकडा आवाज दाबून धरतो, काढून टाक."

"अरे बाबा, तो दाबत नाही, लगाम धरतो. लगाम असला की घोडा हवा तेवढा पळवता येतो. तुझ्यासारख्या बारक्या आवाजालाच तर तो हवा!"

तिनं समजावून सांगितलं की लगाम जागेवर असला तर माइक पूर्ण उघडता येतो, बारीक आवाज वर उचलला जातो आणि तरी फाटत नाही. मेलेल्या रेडिओतला तोच तुकडा काढून तिनं इथे बसवला. प्लॅस्टिकच्या पात्यानं एकेक गाभा केसभर फिरवत, मीटर बघत, कान लावत ती बसली. वर मेणाचे थेंब टाकले तेव्हा साडेतीन झाले होते. मला गल्ल्यावर बसवेना.

व्हर्लननं माइक दाबून पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. पूर्वी रेडिओवरची जोर दाखवणारी सुई धाडकन शेवटाला जायची, आता जेमतेम अर्ध्यावर थरथरत होती. "लवेडाबाई, हा तर मेला. आधीचंच परत कर."

"सुई बघून ब्रेक कोण मारतं रे? जा, गाडीत बसव."

चारला डॉइल आमच्या खानावळीत आला. आमच्याकडे काउंटरवर एक रेडिओ कायम सुरू असायचा, त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. शेवटची गाडी जुआनेल स्टिटची, ती चार मैलांवर खाणीच्या वळणाला थांबली होती. तिचं रेडिओवरचं नाव खारीक. कुस्करलेले बटाटे खाणाऱ्यांचे चमचे थांबले. लवेडा दारात, हात अजून मेणानं माखलेले. मी काउंटरखाली हात जोडले.

रेडिओ खरखरला नाही. आधी शांतता आली, आणि त्या शांततेतून तो आवाज. बारीक, कोरडा, पण एकेक अक्षर सुटं.

"किटली बोलतोय. देवाचं नाव घ्या आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा."

एकोणीस वर्षं उतारावर तो हेच म्हणायचा.

पलीकडून काहीच येईना. डॉइलनं घड्याळाकडे पाहिलं. मग जुआनेलचा ठसका ऐकू आला.

"मेल्या, तू आहेस होय! इतके दिवस तो बेडूकच बोलतोय वाटायचं. शब्दन् शब्द कळला. पण अंतर काय ठेवू, मी उभी आहे!"

खानावळ हसली. डॉइलनं खिशातून पहिल्या गाडीचं केशरी निशाण काढलं आणि बाहेर व्हर्लनच्या ट्रककडे निघाला. लवेडा माझ्याजवळ आली, गार झालेला रस्सा पुढे ओढला आणि म्हणाली, जरा गरम करून दे ना, आता भूक लागली.

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसून मी सगळा उतार ऐकला. तिसऱ्या वळणावर किटली म्हणाला, "आता." बस, एवढंच. आणि मागून एकामागून एक एकोणचाळीस जण म्हणाले, "कळलं."