चौकशीताईंचा भांग रुंदावतो

केसांच्या त्या दवाखान्यात शिरलं की आधी काचेच्या फुलदाणीतली कापडी फुलं दिसतात आणि फुलांच्या आडून चौकशीताई दिसतात. आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव त्यांना आहे, पण समोर 'चौकशी' अशी पाटी असल्यामुळे डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना चौकशीताईच म्हणतात. त्या पाटीमुळे लोकांची जरा फसगत होते. चौकशी आपण करायची आहे, अशा समजुतीने माणूस पुढे येतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ताई सुरू होतात.

"कधीपासून गळतायत? वडिलांना होतं का टक्कल? आईच्या वडिलांना? काळजी करायचा स्वभाव आहे? टोपी काढा बघू."

भर रस्त्यात कुणी शर्ट काढायला सांगावं तसा तो माणूस चोरटेपणाने टोपी काढतो. ताई त्या डोक्याकडे एकदा बघतात आणि म्हणतात, "हे काहीच नाही हो. याहून कितीतरी वाईट बघितलीत." एवढ्यावरच त्याचा चेहरा उजळतो. दवाखान्याची निम्मी प्रॅक्टिस या एका वाक्यावर चालते, असं ताईंचं मत आहे, आणि ते अगदीच चुकीचं नाही.

काउंटरच्या उजव्या हाताला थोरले डॉक्टर बसतात. ते औषधवाले. डोक्याला लावायचे थेंब, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या आणि "धीर धरा". डाव्या हाताला त्यांचा पुतण्या, म्हणजे धाकटे डॉक्टर. ते सर्जरीवाले. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस एकेक करून मुळासकट काढायचे आणि पुढच्या ओसाड जागी लावायचे, हे त्यांचं काम. काका-पुतण्यांचं एकमेकांशी बोलणं बेताचंच. त्यामुळे आलेल्या माणसाला दोन्ही बाजू समजावून सांगण्याची जबाबदारी ताईंवर पडलेली. "सर्जरी म्हणजे एकदाच काय ते होऊन जातं, औषध म्हणजे हळूहळू पण बिनकापाचं. तुमच्या मनाला काय पटतं ते बघा." हे वाक्य त्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाल्या होत्या, की फोडणी देतानाही त्यांच्या तोंडून ते बाहेर पडायचं.

तर अशा या चौकशीताईंच्या डोक्यावर एक दिवस नवा दिवा लागला. म्हणजे काउंटरच्या वर, छतात. धाकट्या डॉक्टरांच्या बायकोला, जिला सगळे मॅडम म्हणतात आणि जी दवाखान्याचा कारभार बघते, तिला जुना दिवा उदास वाटत होता. नवा दिवा असा लख्ख, की फुलदाणीतल्या कापडी फुलांनीही माना टाकाव्यात. त्या उजेडात ताई खाली वाकून कार्ड शोधत होत्या. समोर एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. आजींनी ताईंच्या डोक्याकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही औषध इथलंच घेता का?"

"नाही, आजी. का?"

"नाही, घेत असाल तर आम्ही दुसरीकडे बघतो."

सून "अहो आई!" म्हणून ओरडली. ताई हसल्या. अगदी छान हसल्या. मग "आलेच हं" म्हणून बाथरूममध्ये गेल्या, आरशासमोर मान खाली घातली आणि डोळे वर करून बघायला लागल्या. भांग मधोमध होता तिथेच होता, पण पूर्वी पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसणारी रेघ आता रंगाऱ्याच्या ब्रशने ओढल्यासारखी दिसत होती. दोन्ही बाजूंनी डोक्याची कातडी चक्क चमकत होती.

ताई घाबरल्या. नुसत्या केसांसाठी नाही. काउंटरवर त्यांच्याआधी एक मुलगी होती. गोड आवाजाची, हुशार. तिच्या गालावर मुरमं उठली आणि मॅडमनी तिला मागच्या खोलीत फायली लावायला बसवलं. "पुढे बसणारं माणूस म्हणजे आपली जाहिरात," असं मॅडम तेव्हा ताईंनाच म्हणाल्या होत्या, आणि ताईंनी मान डोलावली होती. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे कुणी टोपी काढत नाही, कुणी रडत नाही, कुणी बरं होऊन पेढ्यासारखा चेहरा करून परत येत नाही. ताईंसारख्या बाईला तिथे बसवायचं म्हणजे रेडिओ कपाटात कोंडून ठेवण्यासारखं.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला खुर्चीवर उभं केलं आणि आपण खाली बसल्या. "बघा. खरं सांगायचं."

नवरा विम्याच्या कंपनीत सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान किती ते ठरवणं हा त्याचा धंदा. त्याने चष्मा लावला, मोबाईलचा टॉर्च लावला, खाली उतरून डोक्याभोवती एक फेरी मारली.

"घासलं गेलंय," तो म्हणाला. "पण डेंट नाही."

"अहो, मी गाडी आहे का?"

"अगं, चांगलंच सांगतोय. एवढ्यावर क्लेम पास होत नाही."

तासाभराने वन्संचा फोन. त्यांना ही बातमी कशी कळली हे नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ताईंना कळलं. "कांद्याचा रस लाव," वन्सं म्हणाल्या. "आमच्या शेजारणीला असे केस आले, असे केस आले!"

"गळत होते का तिचे?"

"नाही गं, तिचे मुळातच दाट. पण आणखी आले."

ताईंनी कांद्याचा रस लावला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आलेली माणसं एकेक पाऊल मागे उभी राहून बोलत होती.

त्यांची खरी पंचाईत अशी, की त्यांना सगळं माहीत होतं. साधा माणूस घाबरतो, कुणाला तरी विचारतो, आणि ऐकतो. ताई विचारणार कुणाला? त्या स्वतःलाच विचारायच्या आणि आतून आवाज यायचा, "सर्जरी म्हणजे एकदाच काय ते होऊन जातं, औषध म्हणजे हळूहळू पण बिनकापाचं. तुमच्या मनाला काय पटतं ते बघा." त्यांना स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटायची. सर्जरीने ज्यांचं सोनं झालं त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो भिंतीवर होते. पण ज्यांचे फोटो भिंतीवर नव्हते, तेही ताईंच्याच समोरून गेले होते. आणि थेंबांचं म्हणाल, तर सुरुवातीला गळती वाढते म्हणून हबकून बाटली काउंटरवर आपटणारे लोकही त्यांनीच शांत केले होते. सकाळी उशीवर केस दिसले की त्या ते मोजत बसायच्या. विंचरायला भीती, न्हायला भीती. पंखा वाढवला तरी त्या दचकायच्या.

शेवटी त्यांनी थोरल्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं, पण गुपचूप. मॅडम रोज संध्याकाळी काउंटरच्या संगणकावर सगळ्या अपॉइंटमेंटी बघायच्या, म्हणून आपलं नाव तिथे नको. ताईंनी मावशीचं नाव घेतलं, जुन्या घरमालकांचं आडनाव त्याला जोडलं आणि एक नवीनच बाई तयार करून तिला दुपारची वेळ दिली. मॅडम त्या वेळी जेवायला घरी जातात. काउंटर रिकामं ठेवून हळूच उजवीकडे सटकायचं, असा बेत.

त्या दिवशी दुपारी नेमकी ही गर्दी. एकाचा रिपोर्ट सापडेना, दुसऱ्याची पत्नी तिसऱ्याच्या नंबरावरून भांडत होती. ताईंचे हात, डोळे, जीभ तिन्ही आपापलं काम करत होते. पडद्यावर पुढचं नाव आलं. ताईंनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात ते नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा पुकारलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या एका बाईंना विचारलं, "तुम्ही का हो त्या?" त्या नव्हत्या. "बघा," ताई कपाळाला आठ्या घालून सगळ्यांना म्हणाल्या, "वेळ घेतात आणि येत नाहीत. दुसऱ्याच्या वेळेची काही किंमत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी त्या बेजबाबदार बाईच्या नावापुढे 'गैरहजर' केलं आणि तिची वेळ रिपोर्टवाल्या गृहस्थांना देऊन टाकली.

मग काउंटरवरचा त्यांचा स्वतःचा मोबाईल वाजला. दवाखान्याचा आपोआप जाणारा निरोप होता. 'आपण आज येऊ शकला नाहीत. आम्हाला आपल्या केसांची काळजी आहे.'

ताईंनी तो वाचला आणि मटकन खाली बसल्या.

ते गृहस्थ बाहेर पडले तसे थोरले डॉक्टर स्वतः दारात आले. "त्या बाई आल्या नाहीत वाटतं?" त्यांनी विचारलं. "काय आहे, त्यांचा फोन नंबर आणि तुमचा फोन नंबर एकच आहे. म्हणून म्हटलं, तुम्हाला माहीत असेल." ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "या आत," डॉक्टर म्हणाले. "बसू द्या लोकांना जरा. एरवी तुम्हीच बसवता."

त्यांनी केस मोठे करून दाखवणारा कॅमेरा भांगावर फिरवला, मग बाजूंवर, मग मानेच्या वर. तिथे मात्र ते बराच वेळ थांबले. त्यांचं थांबणं ताईंना ऐकू येत होतं.

"स्पष्ट बोलू?"

"नको," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बोला."

"सर्जरीने केस वाढत नाहीत, त्यांची जागा बदलते. त्याला मागे साठा दाट लागतो. तुमचं मागचंही विरळ होतंय. इथून काढून तिथे लावले तर मागे उघडं पडेल, आणि पुढे लावलेले टिकतील याचा भरवसा मी देणार नाही. रक्त तपासू. लोह, थायरॉईड. आणि थेंब. ते सोडायचे नाहीत."

"आणि सुरुवातीला गळतील."

"बहुतेक गळतील. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"सांगते हो," ताई म्हणाल्या. "पण ते त्यांचे असतात."

गोष्ट दवाखान्यात लपणार थोडीच! दोन दिवसांत धाकटे डॉक्टर काउंटरवर कोपर टेकून उभे. "ताई, काका फार सावध बोलतात. आपण करू ना. घरचंच माणूस, एक पैसा नको. फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो भिंतीवर. बाईमाणसाचा फोटो आपल्याकडे एकही नाही." मागे मॅडम उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आणि पट्ट्या निघेपर्यंत मागच्या खोलीत बसा आरामात. नंतर पुन्हा इथेच. नाहीतर मग… दिवा तर आता असाच राहणार."

ताईंना झोप लागेना, जेवण जाईना. सर्जरी केली तर खुर्ची राहील, पण मागचे केस जातील आणि कदाचित पुढचेही. थेंब घेतले तर आधी आणखी गळणार, ते या लख्ख दिव्याखाली, सगळ्यांच्या देखत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पुढचा बंपर बदलायला मागचा काढणारा मेकॅनिक मी अजून बघितला नाही." ताई चिडून दुसऱ्या खोलीत गेल्या. जाताना मात्र त्यांना कळलं, की हेच ऐकायला त्या थांबल्या होत्या.

सकाळी त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या.

"मी सर्जरी नाही करणार, मॅडम."

"तुमची मर्जी. मग आजपासून मागे—"

"मागेही नाही जाणार." ताई थांबल्या नाहीत. "केस गळतात म्हणून मी पुढे बसायची नाही, तर बाहेर बाकावर जे बसलेत त्यांना काय सांगू? आत येऊ नका, तुम्ही चांगले दिसत नाही?"

मॅडमनी काचेतून बाहेर बघितलं. बाकावर सात-आठ टोप्या आणि दोन ओढण्या बसल्या होत्या. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. ताईंनी त्याचा अर्थ होकार असा लावला आणि कुणी सुधारणा करायच्या आत खुर्चीत जाऊन बसल्या.

पुढचे आठवडे वाईट गेले. केस खरंच जास्त गळले. कंगव्यात, कॉलरवर, काउंटरवर ठेवलेल्या कार्डांवर. ताई कार्ड देण्याआधी फुंकर मारायच्या. लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली. थेंब लावताना नेम चुकायचा आणि निम्मे कानात जायचे. मॅडम येता-जाता भांगाकडे बघायच्या, आणि दर वेळी ताईंना वाटायचं, आज सांगणार. वन्संचा रोज फोन यायचा. "फरक?" एवढंच विचारायच्या, आणि ताईंना फोन खिडकीतून फेकावासा वाटायचा.

काही महिन्यांनी पुन्हा कॅमेरा. थोरल्या डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. ताईंनी डोळे फाडून बघितलं. त्यांना दोन्ही सारखेच दिसले. दोन्ही बाजूंना तेच माळरान, तीच मधली पायवाट.

"गळती थांबलीय," डॉक्टर म्हणाले. "नवीन येतायत असं आत्ताच म्हटलं तर ती थाप होईल. सहा महिने आणखी."

नवरा बाहेर रस्त्यावर वाट बघत उभा होता. "काय म्हणाले?"

"गळायचे थांबलेत."

"म्हणजे वाढले?"

"नाही."

"मग कमी झाले?"

"नाही हो. आहेत तेवढे आहेत."

"मग चांगलंच की!"

"आणि पुढच्या वेळी कमी झाले असले तर? मॅडमनी तेव्हा उठवलंच तर?"

"तर तेव्हा घाबरू," नवरा म्हणाला. "आत्ता बस आलीय, पळ."

एका हातात पर्स आणि दुसऱ्या हाताने वाऱ्यापासून भांग झाकत चौकशीताई पळाल्या.