दुखवट्याचं लुगडं

टाळेबंदी उठली, क्लासेस उघडले आणि लातूरच्या स्टँडवर पुन्हा गाद्या, बादल्या आणि पोरं उतरू लागली. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून यायची. खोली ठरली की बाप माझ्या मेसच्या दारात येऊन एकच विचारायचा, "जेवण घरच्यासारखं हाय ना?" मी हो म्हणायचो आणि आतून बायको माझ्याकडं बघायची. कारण आत पोळ्या लाटायला ती एकटीच होती. दोन्ही वेळच्या पोळ्या-भाकरी करून तिचे हात सुजले होते. दिवाळीपर्यंत कोणी मिळालं नाही तर मेस बंद करायची, असं आम्ही एकमेकांना न बोलता ठरवलेलं होतं.

माणसं मिळत नव्हती, ती कोणालाच. चौकातल्या टपरीवर सकाळी आम्ही धंदेवाले जमायचो. डाळमिलवाल्याला हमाल मिळेनात, हॉटेलवाल्याकडं भांडी घासायला कोणी नव्हतं. "लोकाला फुकटचं रेशन मिळायलंय. कशाला येत्याल कामाला?" असं कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. त्यात माझीही मान असायची. मी मुळात तापट, आणि रागवायला आयतं कारण मिळालं की मला बरं वाटतं.

माझा खरा राग होता तो आमच्या मावशीवर. मावशी म्हणजे आमच्या भाकरीवाल्या बाई. वयानं माझ्याहून लहान, पण पोरं मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. मेस सुरू झाली तेव्हापासून त्या होत्या. नवरा डाळमिलमध्ये हमाल, दोघं इथंच खोली करून राहायचे. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. गणपती बुडवले त्याच रात्री भूकंप झाला, तेव्हा त्या सासरी होत्या म्हणून वाचल्या. आई, बाप, भाऊ, सगळे दगडामातीच्या भिंतींखाली गेले. त्याबद्दल त्या बोलायच्या नाहीत. गणपती बुडाले की दुसऱ्या दिवशी मात्र गोडाच्या पातेल्याला हात लावायच्या नाहीत, आणि आम्हीही सांगायचो नाही.

दुसऱ्या लाटेत त्यांचा नवरा दवाखान्यात गेला तो परत आला नाही. मातीसुद्धा पालिकेच्या माणसांनी परस्पर उरकली. मावशी औशाकडं सासरच्या गावाला निघून गेल्या. क्लासेस उघडल्यावर मी फोन करू लागलो. "येते की मालक. बघू जरा," एवढंच म्हणायच्या. हो नाही, ना नाही. शेवटी एक दिवस स्कूटर काढली आणि थेट गावात गेलो.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळी माणसं रानात. आणि आमच्या मावशी, ज्यांना मी कधी रिकाम्या हातानं बघितलं नव्हतं, त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर दळण पडलेलं, त्यालाही हात नाही. मला बघून त्यांनी पदर सावरला, पण उठल्या नाहीत. मी चिडूनच गेलो होतो, स्कूटर लावता लावताच आवाज चढवला.

बोलली ती त्यांची म्हातारी सासू. "तिच्यावर कामून चिडता मालक? तिचा दुखवटाच निघाला न्हाई."

मग तिनं मला समजावलं. आमच्याकडं ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे, मलाही होती, पण त्या वेळी डोक्यात आली नाही. माणूस गेलं की बाईचे माहेरचे लुगडं घेऊन येतात, तिच्या अंगावर घालतात, गोड घास भरवतात, हाताला धरून उठवतात. तिथून ती कामाला लागते. तोवर तिनं बसून राहायचं. "त्या टायमाला पोलीस कोणाला गावात येऊ देईनात. ज्यांचे भाऊ होते तेबी आले न्हाईत. गावात अशा लई जणी बसून व्हत्या. मागून एकेकीचा निघाला. हिचं कोण येणार? हिला माहेर हाय का?"

"तुम्हीच नेसवा की लुगडं," मी म्हणालो.

"सासरच्यांनी दुखवटा काढायचा नसतो," म्हातारी म्हणाली, आणि मी काय अडाणी माणूस आहे अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं.

परत येताना मला अगदी हलकं वाटत होतं. एवढंच ना? एका लुगड्याचा तर प्रश्न. मी बायकोला सांगितलं, तिला गंजगोलाईत नेलं, तिनं चार दुकानं पालथी घालून फिकट रंगाचं एक लुगडं निवडलं. घरून शिऱ्याचा डबा भरून घेतला. जाताना ती डबा मांडीवर धरून मागं बसली होती. "तुम्ही नीट विचार केलाय ना?" एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, त्यात विचार कसला.

ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या. बायकोनं लुगडं मावशींच्या खांद्यावर घातलं आणि त्यांच्या तोंडाला घास लावला. त्याबरोबर मावशींनी जो हंबरडा फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. नवऱ्यासाठी होता तो, पण त्यात भावांना हाका होत्या. "आता कसं आलास रं माझ्या भावा, इतक्या वर्सांनी कशी वाट घावली रं!" त्या माझे हात धरून हे म्हणत होत्या. मी माणूस न्यायला आलो होतो आणि ओक्साबोक्शी रडत उभा होतो.

मग त्या उठल्या. तोंड धुतलं, दळण निवडलं, चूल पेटवून आम्हा दोघांना भाकरी करून वाढल्या. त्यांचे हात चालताना बघून माझा जीव भांड्यात पडला. जेवण झाल्यावर मी विचारलं, "मग सोमवारपासून येता ना?"

म्हातारीनं मान फिरवली. मावशींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"दादा," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मालक सोडून दुसरं काही त्यांनी मला म्हटलं नव्हतं. "आता कसं येऊ? तुम्ही माझं माहेर झालाव. माहेराला कुणी मजुरीनं जातं का? भावानं बहिणीला भाकरीला ठेवली, म्हणून गाव तुमच्याच तोंडात शेण घालंल."

"मग मजुरी घेऊ नका," मी म्हणालो. बायकोनं मला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी त्यांच्या रानात सोयाबीन काढू लागल्या. मी इकडं पोळ्या लाटायला शिकलो. पहिले काही दिवस पोरं ताटातली पोळी उचलून उजेडात धरून बघायची. निम्मी पोरं दुसऱ्या मेसला गेली. जी राहिली तेवढ्यांवर आम्ही मेस चालू ठेवली. टपरीवर रेशनची गोष्ट निघाली की मी चहा संपवून उठायचो.

दिवाळीत मी मुराळी होऊन त्यांना आणायला गेलो. भाऊबीजेला त्या आमच्या घरी पाटावर बसल्या आणि बायकोनं त्यांना वाढलं. मेसमध्ये त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्याउभ्या जेवायच्या. पुरणाचा पहिला घास त्यांनी हातात धरूनच ठेवला.

"कामाला कोण मिळालं का, दादा?"

"नाही."

"आपल्या मेसची भांडीवाली? तिचा सासरा गेला, सासू गेली. तिलाबी माहेर न्हाई, बसूनच असंल. तिच्याकडं जाऊन या की."

मला हसूच आलं. "बाई, असा एकेकीकडं लुगडं घेऊन गेलो तर मला बहिणीच बहिणी होतील. कामाला कोण येईल?"

त्या हसल्या नाहीत. "न्हाई आली तर न्हाई आली," त्या म्हणाल्या. "पर तिला कुणीतरी उठवाया नको का?"