कुठला ठिपका वळला

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तसं हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

लग्नानंतर हे लांबच्या विमानतळावर रडारच्या कामाला लागले. आधी सरकारी शिक्षण झालं. मुदतीआधी नोकरी सोडली तर त्या शिक्षणाचे पैसे भरायचे, असा करार होता. जामीन म्हणून सही माझ्या धाकट्या भावाची. तो इथे सोलापुरात गिरणीत होता.

सुट्टीत हे मला समजावून सांगत. नव्या तऱ्हेचं रडार विमानाला विचारतं, आणि विमान आपला नंबर कळवतं. यांच्याकडचं जुनं. त्यावर नुसता ठिपका दिसे, कुणाचा ते कळत नसे. मग वैमानिकाला वळायला सांगायचं आणि कुठला ठिपका वळतो ते बघायचं.

एका दुपारी ढगांत दोन विमानं होती. यांनी एकाला वळायला सांगितलं. नेमकं तेव्हाच दुसरंही आपल्या वाटेने वळलं. यांनी दुसऱ्याचा ठिपका पहिल्याचा म्हणून धरला आणि पहिल्याला खाली यायला सांगितलं. दोन्ही विमानं अगदी जवळून गेली. कुणाला काही झालं नाही. साहेबांनी समज दिली, कामावर या म्हणाले. हे राजीनामा देऊन घरी आले.

मागोमाग पत्र आलं. पैसे भरा, नाहीतर जामिनाच्या पगारातून कापू. भाऊ आला.

“दाजी, रडार तुमी शिकला, आन् पगार माझा कापायचा व्हय? घरात सहा तोंडं हाईत की.”

हे भिंतीकडे बघत म्हणाले, “दोन्ही वळले होते.”

जाताना भाऊ मला म्हणाला, “आक्का, ह्यांच्याच्यानं काय व्हायचं न्हाय.”

ते पैसे भरायला म्हणून मी शेंगाचटणी कुटून विकायला लागले. पहिल्या दिवशी दुकानासमोर नुसती उभी राहिले.

“बाई, तास झाला. घ्यायचंय का द्यायचंय?” दुकानदार म्हणाला. मी डबा पुढे केला.

यांना पाव किलो मोजायला सांगितलं तर तीनतीनदा मोजत, आणि पुडी बांधायची माझ्यावरच ठेवत. दुसरी नोकरी बघा म्हटलं की उठून बाहेर जात. भावाचा पगार कापू नये म्हणून दर महिन्याच्या हप्त्याची मनिऑर्डर मीच करायची. अशी चार वर्षं गेली. हे बरे होतील ही आशा कधी सुटली, ते आठवत नाही.

शेवटचं पत्र इंग्रजीत आलं. यांनी वाचून सांगितलं, जामीन मोकळा झाला. मग पाव किलो चटणी तीनदा मोजून पुडी बांधायला माझ्याकडे सरकवली. पैसे सगळे फिटले होते.